शंकेची पाल

शिवाजी पेठेत कुणी घरचा माळा साफ करायला काढला, की तासाभरात निवृत्ती चौकापर्यंत बातमी पोचते. माळ्यावरनं लोखंडी ट्रंक उतरताना दिसली, तर ती जमिनीला टेकायच्या आत चार माणसं दारात उभी असतात. एकजण ट्रंक धरायला आणि तिघं "जपून, जपून" म्हणायला. घटस्थापनेच्या आधीच्या साफसफाईत यंदा आमच्याकडं हेच झालं.

ट्रंक आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. त्यांच्याकडं साठच्या दशकातली फियाट अकराशे डिलाइट होती. मी शाळेत असतानाच ती विकली. घेणारा गाडी घेऊन निघाला तेव्हा आबा गल्लीच्या तोंडापर्यंत पोचवायला गेले, परत आले आणि आईला हळूच म्हणाले, "गाडी दिली. ट्रंकंचं काय बोललो न्हाई." ट्रंकेत त्या गाडीचे जपून ठेवलेले सुटे भाग होते. घोडा मेल्यावर खोगीर घरात राहतं हे ऐकलं होतं. आमच्याकडं घोड्याचे दोन गुडघे, एक डोळा आणि अर्धी शेपटी राहिली होती.

आजच्या पोरांना ही साठवणूक कळायची नाही. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचा तो काळ. गाडी मिळणं म्हणजे लग्न जमणं आणि हवा तो पार्ट वेळेवर मिळणं म्हणजे जावई चांगला निघणं. सगळा नशिबाचा भाग. त्यामुळं दिसेल तो पार्ट घेऊन ठेवायचा, लागेल तेव्हा लागेल. आबा मुंबईला लग्नाला गेले तरी येताना पिशवीत पेढ्यांच्या पुड्याखाली क्लच प्लेट असायची. पेढ्यांना ग्रीसचा वास यायचा, पण घरात कुणी बोलायचं नाही.

ट्रंक उघडली. प्रत्येक वस्तू जुन्या 'पुढारी'च्या कागदात गुंडाळलेली. जमलेल्या मंडळींनी एका सुरात निकाल दिला, "लई भारी माल हाय!" कशाचा काय भाग आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, पण वस्तू ओळखता येत नाही म्हणून तिची किंमत करायची थांबेल, असली आमची पेठ नव्हे. एक वाकडी दांडी हातात घेऊन एकजण म्हणाला, "पाच हजार." दुसरा म्हणाला, "खुळा हायस काय? ह्येचं पंधरा कुठं गेलं न्हाईत. इटलीचा माल हाय ह्यो." तेवढ्यात आई आतनं आली, दांडी बघितली आणि म्हणाली, "अगं बाई, शेवयाच्या यंत्राचं हँडल! किती वर्षं हुडकत व्हतो मी."

त्याच क्षणी मी ठरवलं, किंमत रीतसर करून घ्यायची.

पहिला गल्लीत हातगाडी घेऊन येणारा भंगारवाला. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात प्रामाणिक पारखी तोच. त्याच्या काट्याला इतिहास कळत नाही. तो खिशातनं लोहचुंबक काढतो. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर पितळ नाहीतर ॲल्युमिनियम, की झाला भाव. त्यानं अर्ध्या मिनिटात आबांची हयात दोन ढिगांत वाटली. मागच्या दिव्याची एक लाल काच होती, तांब्यापितळेच्या कड्यात बसवलेली. ती माझ्याकडं परत करून तो म्हणाला, "काच फोडून द्या, कडी घेतो. काचंचं वजन धरत न्हाई मी." मी काच फोडली नाही. शहाणपण म्हणून नव्हे. हातोडी सापडली नाही म्हणून.

दुसरे उद्यमनगरातले एक वयस्कर मेस्त्री. आबांची फियाट त्यांनीच सांभाळलेली. ट्रंक रिक्षात घालून नेली. त्यांनी चष्मा लावला नाही, उलट होता तो काढून ठेवला आणि एकेक पार्ट नुसता अंगठ्यानं चाचपायला लागले. मध्येच एखादा नाकाशी न्यायचे. गुजरीतला सराफ कसोटीच्या दगडावर सोनं घासतो ते मी बघितलंय. वॉटर पंपाचा वास घेणारा माणूस पहिल्यांदाच बघत होतो. अर्ध्या तासात त्यांनी तीन ढीग केले.

पहिला ढीग सगळ्यात मोठा. पिस्टन रिंगा, क्लच प्लेट, डेल्कोचे म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, कंडेन्सर, गिअरच्या दांड्याचे बुश. आबांनी जिवापलीकडं जपलेला माल. मेस्त्री म्हणाले, "ह्ये मिळतंय की."

माझा चेहरा पडला. त्यांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं. फियाटचा हा साचा इटलीनं साठच्या दशकातच टाकून दिला. आपण तो उचलला आणि कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात तीच गाडी, तेच 1089 सीसीचं इंजिन, तोच स्टिअरिंगच्या खांबावरचा गिअर, पुढं 'पद्मिनी' असं बारसं करून शतक सरेपर्यंत काढत राहिलो. सबंध मुंबईची टॅक्सी त्यावर चालली. शेवटची पद्मिनी टॅक्सी वयाची वीस वर्षं भरल्यामुळं 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. तोवर या इंजिनाचे पार्ट लाखांनी निघाले, कंपनीचे, लोकल, डुप्लिकेट, सगळे. ॲम्बॅसॅडरचं तेच. उत्तरपाड्याला 1957 च्या सुमाराला सुरू झालेली गाडी 2014 पर्यंत निघत होती. "इंजान जुनं म्हून दुर्मिळ न्हाई हुत," मेस्त्री म्हणाले. "फियाटचं इंजान कुणी बदललंच न्हाई. तोंड बदलत गेलं. आनि धडकंत फुटतंय बी तोंडच."

म्हणजे मौल्यवान काय, तर जाळी, दिव्याची काच, बॉनेटवरची नावाची अक्षरं, दाराची मूठ, क्रोमची पट्टी. आपल्याकडं गाडीच्या हृदयाला किलोचा भाव आणि पावडर-कुंकवाला तोळ्याचा. हा न्याय मला नवीन वाटला नाही. लग्न ठरवताना आपण दुसरं काय करतो?

दुसरा ढीग रबराचा. दारांची बिडिंग, होज पाइप, ऑइल सील. त्यातलं बरंचसं पेटीपॅक होतं, कंपनीचं लेबलसुद्धा शाबूत. मी उत्साहानं म्हणालो, "मेस्त्री, हे तर वापरलेलंच नाही!" त्यांनी एक सील दोन बोटांत धरून वाकवलं. त्याचा बिस्किटासारखा तुकडा पडला. रबर गाडीत नसलं तरी म्हातारं होतं. वापरलं नाही म्हणून त्याचं वय थांबत नाही. चाळीस वर्षांचं पेटीपॅक रबर म्हणजे चाळीस वर्षांची पेटीपॅक भाकरी.

तिसरा ढीग लहान. त्यात भंगारवाल्यानं फोडायला सांगितलेली लाल काच होती. मेस्त्रींनी ती खिडकीकडं धरली, आतली नक्षी बघितली, मागं साच्यातच उठवलेली अक्षरं बघितली. डुप्लिकेटवर अक्षरं छापलेली असतात नाहीतर उगवलेलीच नसतात. ही अस्सल काच. "दुसरी कुठाय?" त्यांनी विचारलं. दुसरी नव्हती. मेस्त्रींनी ती माझ्याकडं सरकवली. "मग राहू दे. डाव्या पायाची एकच चप्पल कुणी इकत घेतंय काय?"

कोल्हापुरात राहून मला हे सुचायला पाहिजे होतं. चप्पल कितीही अस्सल असो, कातडं कितीही कमावलेलं असो, एकटी असली की तिचा उपयोग एकच आणि तो पायात घालण्याचा नव्हे. दिव्यांचं तसंच. जोडी असेल तर हजारो, एक असेल तर ज्याची नेमकी तीच बाजू फुटलीय असा माणूस सापडेपर्यंत शून्य. दुर्मिळ म्हणजे नुसतं कुठं न मिळणारं नव्हे; न मिळणारं आणि कुणाला तरी हवं असलेलं. माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेची जगात एकच प्रत आहे. अजून कुणी मागायला आलेलं नाही.

"हबकॅप किती हायत?" मेस्त्रींनी विचारलं. ट्रंकेत तीन होत्या. चकचकीत, एकही पोचा नाही. "चार असतील तर सांगलीचा एक शौकीन डोळं झाकून घेतोय. तीन असतील तर डोळं उघडून बी न्हाई घ्यायचा." चौथी कुठं असेल म्हणून मी डोकं खाजवत राहिलो. घरी आलो, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तांब्याच्या हंड्यावरचं झाकण उचललं आणि ते हातात तसंच राहिलं. लहानपणापासून मी ज्या झाकणावर पेला उपडा घालत आलो, ती फियाटची चौथी हबकॅप होती.

"आई, ही मला पाहिजे."

"आनि हंड्यावर काय झाकू? तुजं डोस्कं?"

मी तिला चार आणि तीनचा हिशेब सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाली, "तुझ्या आबांनी मागितली व्हती, त्यास्नी बी दिली न्हाई मी. गाडीला तीन दिसत्यात, चौथं चाक भिंतीकडं लावा म्हटलं." आबा गाडी कायम एकाच बाजूनं भिंतीला खेटून का लावायचे, हे कोडं मला चाळिशीत सुटलं.

आता या धंद्यातली खास कोल्हापूरची अडचण. दुसऱ्या गावात एखादा पार्ट मिळत नसला की त्याची किंमत चढते. आमच्याकडं चढायला लागली की कुणीतरी म्हणतं, "करून देतो की!" ऑइल इंजिनं आणि ओतकामावर वाढलेलं हे गाव. तुटका तुकडा न्या, उद्यमनगरात त्यावरनं लाकडी पॅटर्न होतो, ओतीव होतं, लेथवर चढतं, आणि संध्याकाळी हातात मिळतं. ही खोड आजची नाही. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमाराला इथंच स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. तो कॅमेरा ओरिजिनल म्हणायचा की डुप्लिकेट? मेस्त्रींना विचारलं. ते म्हणाले, "चालला न्हवं? मग ओरिजनल." जिथं ही व्याख्या चालते तिथं दुर्मिळतेचं दुकान चालत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चादरीवर मांडलेल्या पार्टाकडं बघून विकणारा जो भाव सांगतो, तो कोल्हापूरकरासमोर टिकत नाही, कारण कोल्हापूरकर घासाघीस करत नाही. तो पार्ट उलटापालटा करून बघतो, मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढतो आणि "बघतो" म्हणून निघून येतो.

सरकार मात्र मेस्त्रींच्या बाजूचं नाही. केंद्रानं 2021 मध्ये विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी हवी, मूळ रूपात हवी, सांगाडा-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नकोत. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही मानाची अक्षरं. मात्र ती गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. पन्नाशी उलटली की मान मिळतो आणि काम बंद होतं, हा नियम माणसांना कधी लागू होतोय याची मी वाट बघतोय. पण यामुळं शौकीन मंडळींचे डोळे 'मूळ'वर बसले. इंजिन गरम होतं का हे नंतर. आधी डेल्कोवर लुकासचा शिक्का आहे का ते बघतात. शिक्क्याला भाव आला आणि शिक्के मारणारेही आले. जुना माल नव्या डब्यात असला तर जरा संशय घ्यावा. नवा माल जुन्या डब्यात असला तर जास्त घ्यावा.

आणि इथं ट्रंकेच्या तळातला शेवटचा पुडका येतो.

आत एक काळा गोल हॉर्न होता, तळहाताएवढा. मागं बाकीचा मजकूर झिजलेला. फक्त पी, ए, एल ही तीन अक्षरं स्पष्ट. मेस्त्री म्हणाले, "पाल. प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड. फियाटचाच." झालं, मी खूश. पण गल्लीत एक जावावाला आहे. वय तिशीचं, जावा मोटरसायकल आणि तिचं किक-गिअरचं एकच खटकं साठच्या दशकातलं. जावाचं गिअर बदलायचं खटकं आत दाबून वर फिरवलं की त्याचीच किक होते. तो हे दिवसातनं चारदा लोकांना करून दाखवतो. त्यानं हॉर्न हातात घेतला आणि त्याचा आवाजच बदलला. "भावा, ह्यो चेको हाय."

चेकोस्लोव्हाकियातसुद्धा 'पाल' नावाचा विजेच्या सामानाचा छाप होता आणि जावा गाड्यांना तोच माल असायचा. म्हैसूरला 1961 पासून जावा निघायला लागली, पुढं तिची येझदी झाली, 1996 ला कारखाना बंद पडला. पण सुरुवातीच्या गाड्यांवरचा अस्सल चेको माल म्हणजे भक्तांच्या लेखी अंगारा. शिवाय 1993 मध्ये तो देशच सुटा झाला, चेक वेगळा आणि स्लोव्हाक वेगळा. ज्या देशाचेच दोन पार्ट झाले, त्याचा शिक्का आता कोण मारणार?

फियाटचा असला तर शे-दोनशे. जावाचा असला तर जावावाला म्हणेल ती किंमत, आणि तो जे काही म्हणाला ते मी आईला सांगितलं नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. मनात शंकेची पाल चुकचुकते असं आपण म्हणतो. माझ्या मनात दोन चुकचुकत होत्या, एक कुर्ल्याची आणि एक चेकोस्लोव्हाकियाची.

उपाय सोपा होता आणि तोच मला सुचला नाही. जुन्या जावाची वीज सहा व्होल्टची, फियाटची बारा. मेस्त्रींकडं नेला असता तर त्यांनी आधी सहावर लावून बघितला असता. पण दिवस खंडेनवमीचा. मेस्त्रींनी पाने-पक्कड धुऊन पाटावर मांडलेले, झेंडूची फुलं घातलेली. त्या दिवशी ते स्क्रू ड्रायव्हरलासुद्धा हात लावत नाहीत. आई म्हणालीच, "आज हत्यारं इसाव्याला असत्यात, उद्या बघ." मला दम निघेना. घरात इन्व्हर्टरची बॅटरी होती. बारा व्होल्टची. मी दोन वायरी काढल्या आणि लावल्या.

हॉर्न वाजला. वाजला म्हणजे काय, त्यानं चाळीस वर्षं गुंडाळून ठेवल्याचा जाब विचारला. समोरच्या घरातली मांजर कौलांवर गेली. मंडळाची पोरं पळत आली. त्यांना वाटलं दुसऱ्या पेठेनं आमच्या गल्लीत डॉल्बी आणून लावला. शेजारचे तात्या गच्चीतनं ओरडले, "कुणाची डुक्कर रिक्षा शिरली रं आत?" मी आनंदानं वायरी धरून उभा. काय खणखणीत आवाज! मग आवाज बारीक झाला, किरकिरला, आणि थांबला. मागच्या भोकातनं धुराची एक बारीक रेघ निघाली आणि देव्हाऱ्यातल्या उदबत्तीच्या धुरात मिसळली.

जावावाला तोवर पोचला होता. त्यानं वास घेतला, हॉर्न कानाशी हलवून बघितला आणि सांगितलं, "सहा व्होल्टचाच व्हता. चेको. शंभर टक्के ओरिजनल."

'व्हता' या शब्दावर त्यानं जोर दिला नाही, हा त्याचा मोठेपणा.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी आणि जावावाला, दोघंही दसरा चौकात गेलो. राजाराम महाराजांच्या काळातली 1936 ची मेबॅक मोटार दरवर्षीसारखी मिरवणुकीत आली. झेपेलिनच्या हवाई जहाजांची इंजिनं करणाऱ्या घराण्याची ही गाडी. बघायला येणाऱ्यांत निम्मे सोनं लुटायला येतात आणि निम्मे तिचं इंजिन ऐकायला. माझ्या पुढं उभ्या असलेल्या दोघांत वाद चालला होता. "हिचा एखादा पार्ट गेला तर जगात कुठं मिळायचा रे?" दुसऱ्यानं मान न वळवता उत्तर दिलं, "उद्यमनगरात करून देतील की."

शमीपूजन झालं, सोनं लुटलं. गर्दीतनं जावावाला माझ्यापर्यंत आला, आपट्याची दोन पानं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "सोनं घ्या. हॉर्न मला द्या. रिवाइंडिंगवाला वळखीचा हाय, गुंडाळी नवी भरून घेतो." हॉर्न माझ्या पिशवीतच होता. मी दिला. टरफल चेकोस्लोव्हाकियाचं, आवाज कोल्हापूरचा, आणि सौदा सोन्यात झालेला. पेठेत आजवर जुन्या पार्टाला कुणी सोनं मोजलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

तर मंडळी, तुमच्याही माळ्यावर अशी ट्रंक असेल. उघडा, पण आधी जोडी आहे का बघा, रबर वाकवून बघा, व्होल्ट वाचा, आणि खंडेनवमीला काही करू नका. आमच्या ट्रंकेत तीन हबकॅप अजून आहेत. चौथी हंड्यावर आहे. सांगलीचे ते शौकीन हे वाचत असतील तर त्यांना एवढंच सांगणं, पैशाचं आपण बसून बघू; येताना हंड्याच्या मापाचं झाकण मात्र घेऊन या.